वेठीचा क्रूस

पहाटे साडेपाचला आम्ही सिंहद्वारातून जेरुसलेमच्या जुन्या शहरात शिरलो. गल्लीतली सगळी दुकानं बंद होती. एकवीस जण, पुढे फादर, आणि मधे भाड्याने घेतलेला लाकडी क्रूस. येशू क्रूस घेऊन मरणाकडे चालला, त्या वाटेवर थांबून प्रार्थना करायच्या जागा म्हणजे स्थानं. त्या क्रुसाच्या वाटेचं पहिलं स्थान आता एका शाळेच्या आवारात आहे. शाळेचं फाटक उघडलेलं नव्हतं, म्हणून समोरच्या फ्रान्सिस्कन मठाच्या अंगणात उभं राहून आम्ही सुरुवात केली. येशूला फटके मारले, त्याच्या स्मरणार्थ तिथे चर्च आहे.

ही वारी म्हणायला फार छोटी. सगळी मिळून जेमतेम सहाशे मीटर. पण गल्ली चढती, दगडी पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि चौदा ठिकाणी थांबायचं, गुडघे टेकायचे, उठायचं. तासभर सहज जातो. चौदा स्थानांची संख्या पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ साली पक्की केली. आणि येशू याच वाटेने गेला का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. येशूला मरणाची शिक्षा देणारा रोमी सुभेदार पिलात बहुधा शहराच्या पश्चिमेला, हेरोद राजाच्या राजवाड्यात उतरत असे, असं अनेकांचं मत. तसं असेल तर खरी वाट उलट्या बाजूने आली असणार. मला हे आधीच ठाऊक होतं आणि त्याने काही अडलं नाही. येशू तीन वेळा पडला, हेही शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांत, कुठे नाही. ते मागाहून लोकांनी घातलं. ज्यांनी कधी ओझं वाहिलं होतं, त्यांनीच घातलं असणार.

मी का गेले, ते सांगायला हवं. आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. पक्षाघात. उजवी बाजू गेली, वाचा हळूहळू थोडी परत आली. घरात तिचं करणारी मी एकटी. भेटायला येणारे चांगले लोक असत, प्रार्थना करत आणि निघताना म्हणत, "हे दुःख देवाला अर्पण करा, देवाने तुम्हाला त्यासाठी निवडलंय." पहिल्या वर्षी मी मान डोलावली. तिसऱ्या वर्षी मी दार जरा लवकर लावू लागले.

एका रात्री चादर बदलत असताना आई अडखळत म्हणाली, "मी तुला वेठीला धरलं ना गं?" मी "नाही" म्हणाले. खोटं बोलले. आई जाऊन दोन वर्षं झाली तरी ते वाक्य घरातच होतं.

दुसरं, तिसरं, चौथं स्थान मला धड आठवत नाही. चौथ्याला मरिया मुलाला भेटते तिथे गटातल्या बऱ्याच जणी रडल्या. मला रडू आलं नाही, आणि त्याची उगाच लाज वाटली.

पाचवं स्थान एका वळणावर आहे. तिथून गल्ली उजवीकडे वळून एकदम वर चढू लागते. लहानसं चॅपेल, दारावर लॅटिन अक्षरं. फादरांनी अर्थ सांगितला: कुरेनेच्या शिमोनावर क्रूस लादला जातो. मग मराठी बायबल उघडून मार्कच्या शुभवर्तमानातलं वचन वाचलं. हा शिमोन शेतावरून येत होता, रस्त्याने नुसता चालला होता, आणि शिपायांनी त्याला वेठीस धरलं.

हा शब्द मी लहानपणापासून किती वेळा ऐकला असेन. त्या दिवशी तो आईच्या आवाजात ऐकू आला.

रोमी शिपाई जिंकलेल्या मुलखातल्या कोणालाही धरून ओझं उचलायला लावत. त्यात भक्ती नव्हती, त्याग नव्हता, इच्छासुद्धा नव्हती. कुरेने म्हणजे आजच्या लिबियाचा भाग, तिकडचा हा माणूस. त्याने "प्रभू, मी वाहतो" असं म्हटल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. त्याच्या मनात शिव्या असतील तर मला नवल वाटणार नाही. तरी वाटेवरच्या चौदा स्थानांत एक त्याचं आहे. आणि मार्क त्याच्या मुलांची नावं देतो, आलेक्सांद्र आणि रूफ, जणू वाचणारे त्यांना ओळखत होते. त्या घरात पुढे काहीतरी घडलं असावं.

बाकी चढ मी या एकाच प्रश्नावर चढले: जे आपण होऊन दिलं नाही, ते अर्पण कसं होणार? येशू स्वतःबद्दल म्हणतो की माझा प्राण माझ्यापासून कोणी घेत नाही, मी होऊन तो देतो. ख्रिस्ती श्रद्धेतला यज्ञ म्हणजे हे देणं. नुसत्या वेदनेला तिथे किंमत नाही. गेथशेमाने बागेत येशूनेच दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवणी केली. प्रेषित पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा मागणं केलं. आणि चारही शुभवर्तमानं चाळा, दुखणं घेऊन आलेल्या एकालाही येशूने "असाच राहा आणि हे देवाला अर्पण कर" असं सांगितलेलं नाही. त्याने बरं केलं. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मी हे सांगायला हवं होतं, पण तेव्हा सुचलं नाही.

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात तर स्पष्ट आहे, येशूचा यज्ञ एकदाच झाला, पुरेसा झाला. मग आईच्या सहा वर्षांनी कोणतंही देणं फिटत नव्हतं. हे कळल्यावर मला हायसं वाटलं, कारण वेदनेचा हिशोब ठेवणाऱ्या देवाची मला मनातून भीती वाटत आली होती. पण पौल कलस्सैकरांना लिहितो की ख्रिस्ताच्या क्लेशांत जे उणं आहे ते मी आपल्या देहाने भरून काढतो. काय उणं असेल? पंडितांची उत्तरं अनेक आहेत. मला त्या चढावर असं वाटलं की ते प्रेम पलंगापर्यंत पोचायचं राहिलेलं असतं, आणि तिथपर्यंत ते कोणाच्या तरी हातांनीच जातं. १९८४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी दुःखावर पत्र लिहिलं, त्याच्या शेवटाकडे तेही येशूच्या दृष्टांतातल्या चांगल्या शमरोनीपाशीच येऊन थांबतात. जखमी माणसापाशी थांबणाऱ्याकडे.

पोलिश धर्मगुरू माक्सिमिलियन कोल्बे १९४१ साली आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत रांगेतून पुढे आले आणि एका अनोळखी कैद्याच्या जागी मरणाला सामोरे गेले. मी रांगेत मागेच राहिले असते, हे मला पक्कं माहीत आहे. माझी जात शिमोनाची.

पण येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात ग्रीकमध्ये शिमोनाच्या गोष्टीतलंच क्रियापद येतं, आणि मराठीतही तोच शब्द: कोणी तुला वेठीस धरून एक कोस नेलं तर त्याच्याबरोबर दोन कोस जा. पहिला कोस वेठीचाच असतो, हे येशूला मान्य होतं तर. माझा दुसरा कोस कुठे सुरू झाला, ते नेमकं सांगता येत नाही. एका रात्री तीन वाजता आईचं सगळं आवरून झाल्यावर मी लगेच उठले नाही. तिची डावी करंगळी धरून दहा मिनिटं बसले, काहीच कारण नसताना. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिच्यावर ओरडले. म्हणजे परत पहिला कोस.

शेवटची पाच स्थानं पवित्र कबरीच्या चर्चमध्ये आहेत. दारातून आत गेल्यावर उजवीकडे अरुंद, उभ्या पायऱ्या थेट गुलगुथावर, येशूला क्रुसावर दिलं त्या जागी, नेतात. वर ग्रीक वेदीखाली एक भोक आहे. ओणवं होऊन हात आत घातला की खडक लागतो. गार होता. मागे रांग होती, मला जेमतेम दोन क्षण मिळाले. "आई, हो, धरलं होतंस," एवढंच म्हणून मी हात बाहेर काढला.

बाहेर अंगणात भिंतीला तीन-चार क्रूस टेकवून ठेवले होते, आमचाही त्यात. गट आत गेले की ते परत सुरुवातीच्या जागी न्यावे लागतात, पुढच्या गटासाठी. एक पोरगा आला, कानाशी फोन. त्याने तीन क्रूस एकावर एक खांद्यावर घेतले आणि बोलत बोलतच निघाला. वरचा घसरत होता. मी हात लावायला गेले, तर त्याने मानेनेच नको म्हटलं, खांदा जरा उचलून क्रूस सारखा केला आणि गल्लीत वळला.