आमची वाटचाल : ग्राहक कोणाचा?

१० नोव्हेंबर २०२३ ला प्रसारण सेवा (नियमन) विधेयकाचा मसुदा सूचना-हरकतींसाठी खुला झाला. मोबाइलवर वाचायला घेतला, पण डोळे दुखायला लागले. मग अशोक स्तंभावर जाऊन प्रिंट काढून आणली. सहा प्रकरणं, ४८ कलमं, तीन अनुसूची. मुलगा म्हणाला, "पप्पा, हे ओटीटीवाल्यांसाठी आहे, आपला काय संबंध?" संबंध कसा नाही? १९९५ चा केबल कायदा जाऊन त्याच्या जागी हे येणार, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. आणि मी नाशिकचा केबल ऑपरेटर, आमचं घर त्या १९९५ च्या कायद्यावर चाललंय. पेन्सिल घेऊन बसलो आणि एकच गोष्ट शोधत राहिलो. दारापर्यंत वायर नेऊन मी जो ग्राहक जोडला, तो कोणाचा?

हा प्रश्न मला का पडतो, ते सांगायचं तर २०१५ पर्यंत यावं लागेल. त्याआधीचं थोडक्यात सांगतो.

१९९३ साली पंचवटीत मी आणि अण्णांनी सुरुवात केली. अण्णा नात्याने कोणी नव्हेत. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे, सातपूरच्या एका कारखान्यात वायरमन होते. रविवारी डिश बसवायच्या कामावर जायचे, तिथे ओळख झाली. गच्चीवर बारा फुटी डिश, खालच्या खोलीत मॉड्युलेटरची (डिशचं चॅनल केबलवर चढवणारी पेटी) रांग, प्रत्येक चॅनलला एक. रात्री व्हीसीआरवर पिक्चर लावायचो. महिन्याला साठ रुपये.

सिग्नल मोजायचा डीबी मीटर घ्यायची ऐपत नव्हती. अण्णांनी सायकलच्या कॅरिअरला चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल बांधला होता. खांबाखाली सायकल उभी करायची, टॅपमधून वायर काढून टीव्हीला लावायची आणि चित्र बघायचं. मुंग्या आल्या तर सिग्नल पडलाय. आडवे पट्टे फिरत असतील तर अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायचा कपॅसिटर गेलाय. डबल चित्र दिसलं तर पुढे कुठेतरी जोड मोकळा आहे. मीटर आला तरी अण्णा आधी चित्र बघायचे, मग आकडा. नव्या पोरांना सांगतो, मीटर आकडा देतो, बिघाड कुठे आहे ते सांगत नाही. आणि वायर घरात घेताना खिडकीखाली वळसा सोडा, पावसाचं पाणी त्यावरून बाहेरच टपकतं. वळसा न सोडल्यामुळे किती टीव्ही जळाले ते मी पाहिलेत.

सप्टेंबर १९९४ ला केबलचा अध्यादेश निघाला, पुढच्या वर्षी कायदा झाला. मुख्य पोस्टात फॉर्म आणि पाचशे रुपये भरायचे, की वर्षाची नोंदणी मिळायची. पहिलं सर्टिफिकेट अण्णांनी फ्रेम करून कंट्रोल रूममध्ये देवाच्या फोटोशेजारी लावलं. तोवर आमचा धंदा म्हणजे गच्चीवरचे उद्योग समजले जायचे. त्या कागदाने आम्हाला नाव दिलं.

१९९६ ते २०१२ बद्दल फार लिहिण्यासारखं नाही. धंदा चालला, मुलं शिकली. सप्टेंबर २००८ च्या पुरात गोदाकाठची सगळी लाइन वाहून गेली, ती आठ दिवसांत परत टाकली.

मग डिजिटायझेशन आलं. दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत नाशिक होतं, मुदत ३१ मार्च २०१३. त्या तारखेनंतर अ‍ॅनालॉग बंद, प्रत्येक टीव्हीला सेट टॉप बॉक्स हवा. आमची ७१२ कनेक्शनं. एमएसओ म्हणजे आम्हा ऑपरेटरांना सिग्नल पुरवणारी मोठी कंपनी. ज्या एमएसओकडून सिग्नल घेत होतो त्याने बॉक्सचे पैसे आगाऊ मागितले. पतसंस्थेचं कर्ज काढलं. प्रत्येक ग्राहकाचा कॅफ, म्हणजे ग्राहक अर्जाचा फॉर्म भरायचा होता : नाव, पत्ता, फोटो, मोबाइल, सही. हिने आणि माझ्या वहिनीने स्वयंपाकघरात सतरंजी टाकून रात्र रात्र ते फॉर्म भरले. ज्या म्हाताऱ्या बायकांकडे मोबाइल नव्हता, त्यांच्या रकान्यात हिने आमच्या दुकानाचा लँडलाइन नंबर लिहिला. असे अकरा फॉर्म होते. सगळे गठ्ठे एमएसओच्या ऑफिसात जमा केले, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये एंट्री झाली. ही म्हणाली होती, एकेक झेरॉक्स काढून ठेवा. एवढ्या झेरॉक्सचा खर्च कुठे करायचा, म्हणून मी ऐकलं नाही. ही चूक माझी, आणि ती मला फार महागात पडली.

२०१५ चा सिंहस्थ. पहिलं शाहीस्नान २९ ऑगस्टला. पंचवटीत बॅरिकेड लागले होते, गाड्या बंद. थकबाकीवरून एमएसओशी वाद सुरू होता. त्यांच्या हिशेबात आणि माझ्या पावत्यांत मेळ नव्हता. बसून मिटवू असं ठरलं होतं. २६ ऑगस्टला संध्याकाळी सगळे बॉक्स एकदम बंद. सिग्नल तोडायचा तर तीन आठवडे आधी नोटीस द्यावी लागते, तसा नियम आहे. मला एक ओळसुद्धा मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचा फोन वाजला. हिने उचलला. पलीकडून एक पोरगा म्हणाला, "आजी, केबलवाला बोलतोय. तुमचा बॉक्स बदलायला येतोय, घरी आहात ना?" हिला आधी वाटलं आमचाच कोणी पोरगा आहे. मग त्याने नाव घेतलं, एका म्हाताऱ्या ग्राहकाचं, त्या अकरांपैकी एकीचं. हिने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. तो नंबर त्या नावापुढे जगात एकाच कागदावर लिहिलेला होता. हिने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या फॉर्मवर.

आमच्या शेजारच्या भागातल्या एका ऑपरेटरकडे माझी पूर्ण यादी गेली होती. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याची पोरं छापलेले कागद घेऊन जिन्याजिन्यात फिरत होती. एक कागद मी डोळ्यांनी पाहिला : इमारत, मजला, नाव, नंबर. बॉक्स फुकट, दोन महिने फुकट. दहा दिवसांत ७१२ चे २९० राहिले. बावीस वर्षांत खांबावर चढून जोडलेली घरं तो कागद घेऊन तोडून गेला. आजही रस्त्यात दिसला तर मी मान वळवतो. लोक म्हणतात, सोडून द्या आता. कोणाला सोडता येत असेल तर सोडावं.

वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, ऑपरेटर आणि एमएसओचा वाद टीडीसॅट या दूरसंचार-प्रसारणाच्या न्यायाधिकरणापुढे जातो, आणि टीडीसॅट दिल्लीला. तारखेला जायचं, तिथला वकील करायचा. माझी महिन्याची वसुली आणि दिल्लीचा खर्च त्यांनी एका कागदावर शेजारी शेजारी मांडला. मी उठलो आणि घरी आलो.

त्या दिवसांत आम्हाला दोन माणसांनी उभं ठेवलं.

पहिले गुरुजी. निवृत्त शिक्षक, आमच्या पहिल्या दहा ग्राहकांपैकी. त्यांच्या इमारतीत अठरा घरं. तो दुसरा ऑपरेटर सोसायटीच्या सेक्रेटरीलाच भेटला होता, पूर्ण इमारत घ्यायचं ठरत आलं होतं. गच्चीवर मीटिंग झाली. गुरुजी वर आले, हातात बिस्किटाचा पत्र्याचा डबा. त्यात आमची वसुलीची कार्डं. पिवळी, निळी, मग पांढरी, प्रत्येक वर्षाचं एक, बारा चौकोन, प्रत्येक चौकोनात माझी किंवा अण्णांची सही. बावीस कार्डं. त्यांनी ती सतरंजीवर एकेक करून मांडली. २००८ च्या कार्डावर सप्टेंबरच्या चौकोनात सही नव्हती, अण्णांनी तिथे "पूर, माफ" असं लिहिलेलं होतं. गुरुजी सेक्रेटरीला म्हणाले, "त्या महिन्यात यांची लाइन बुडाली होती, तरी पैसे यांनीच सोडले. आता यांची लाइन तोडलीय. आपण पंधरा दिवस टीव्ही नाही पाहिला तर काय बिघडतं?" अठराच्या अठरा घरं थांबली.

दुसरे अण्णा. गंगेपलीकडच्या (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) एका एमएसओने सिग्नल द्यायची तयारी दाखवली. पण तो आणायचा कसा? रस्ते बंद, नवी केबल ओढायला परवानगी मिळणं शक्यच नव्हतं. जुन्या ओळखीचा एक मित्र ऑपरेटर धावून आला. त्याची फायबर आधीच पुलावरून गेलेली होती, त्यात एक कोअर, म्हणजे काचेचा एक धागा, रिकामी होती. म्हणाला, घ्या, भाडं नंतर बघू. दोनच जोड मारायचे होते, एक त्या बाजूला, एक या बाजूला.

फायबर जोडायचं स्प्लाइसिंग मशीन आम्ही २०१४ ला जुनं विकत घेतलं होतं. कर्जाच्या हप्त्यापायी विकायला काढलं, तर अण्णा आडवे आले. म्हणाले, "माझी गाडी विका. मशीन नाही." खरंच स्वतःची मोटरसायकल विकली. ११ सप्टेंबरच्या रात्री ते मशीन पिशवीत घालून, गर्दीतून चालत अण्णा निघाले. मी छत्री धरली, पोराने बॅटरी. अण्णांनी फायबर सोलली, स्पिरिटच्या फडक्याने पुसली, क्लीव्हरने कापली. काप सरळ आला नाही, म्हणून परत. तिसऱ्या वेळेला मनासारखा आला. मशीनच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली, निळी ठिणगी पडली, आणि केसाएवढी काच एकजीव झाली. स्लीव्ह तापवून होईपर्यंत कोणी बोललं नाही. दुसरा जोड पुढच्या रात्री, या बाजूला. १३ सप्टेंबरला दुसरं शाहीस्नान होतं. त्या पहाटे गुरुजींच्या घरी चित्र आलं. रामकुंड तिथून चालत दहा मिनिटांवर, पण गर्दीमुळे म्हाताऱ्या माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती. इमारतीतले सगळे म्हातारे गुरुजींच्या खोलीत बसून स्नान बघत होते.

हे सगळं माझ्या डोक्यात होतं, तेव्हा मी मसुदा वाचत होतो.

चांगलं ते चांगलं म्हणतो. पायाभूत यंत्रणा एकमेकांना वापरू द्यायची तरतूद त्यात आहे. माझ्या मित्राने ओळखीवर दिलेली ती कोअर उद्या कोणालाही रीतसर मिळू शकेल. वायर नेण्याच्या हक्काबद्दल आहे. दंड ठरवताना धंद्याचा आकार बघायचा म्हटलंय, तेही योग्य. १९९५ च्या कायद्यात तुरुंगवास होता, तो जन विश्वास कायद्याने २०२३ मध्येच गेला. ओटीटी, कंटेंटची समिती, त्रिस्तरीय यंत्रणा यांवर मोठमोठी माणसं बोलली. मी त्यावर बोलत नाही, चॅनलवर काय दाखवायचं हे मी कधीच ठरवलेलं नाही. पण ज्याने वायर टाकली त्याच्या ग्राहकाची नोंद त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला देता येणार नाही, असं म्हणणारं कलम मला सापडलं नाही. आणि चार-पाचशे कनेक्शनवाल्याला वाद घेऊन दिल्लीला जावं लागू नये, अशीही सोय दिसली नाही.

दोन पानं मराठीत लिहिली, मुलाने टाइप केली, मुदत १५ जानेवारी २०२४ पर्यंत वाढली होती, त्याआधी पाठवली. मागण्या तीन. ग्राहकाची नोंद एमएसओ आणि ऑपरेटर दोघांच्या नावे असावी. ऑपरेटर बदलायचा तर ग्राहकाने स्वतः लेखी सांगावं, तिऱ्हाइताच्या यादीवरून नाही. आणि लहान रकमेच्या वादाची सुनावणी जिल्ह्यात व्हावी. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रालयाने सूचनांसाठी १५ ऑक्टोबरपर्यंत वेळ दिला आणि नवा मसुदा आणू म्हणून सांगितलं. मी तीच दोन पानं पुन्हा पाठवली.

माझ्या धंदेबंधूंना सांगणं आहे की ओटीटी आपल्याला खाणार म्हणून रडत बसू नका, हे वाचा. २०१९ पासून नेटवर्क फीचं, म्हणजे चॅनल घरापर्यंत पोहोचवायच्या आकाराचं, वाटप आलं. तेव्हा या फीची कमाल मर्यादा १३० रुपये होती, ती २०२४ मध्ये काढली. वेगळा करार नसेल तर फीतले ४५ टक्के आपले, म्हणजे १३० असताना ५८ रुपये ५० पैसे. वेगळा करार करता येतो हे कितीजणांना माहीत होतं? मी विचारलं तेव्हा बहुतेकांनी न वाचताच सह्या केलेल्या. करार लेखी घ्या, त्याची मुदत भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. १७ जानेवारी २०२५ पासून आपली नोंदणी पोस्टातून गेली, आता ऑनलाइन, पाच हजार रुपये, पाच वर्षं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या नव्वद दिवस आधी करायचा असतो.

माझी नोंदणी मुलाने केली. आधार, पॅन टाकलं, सर्टिफिकेट पडद्यावर आलं. अण्णांना आता बारीक दिसत नाही. त्यांनी प्रिंट मागून घेतली, हाताने चाचपली आणि विचारलं, "शिक्का कुठे आहे?" मी म्हटलं, आता शिक्का नसतो. त्यांनी ती तरी फ्रेम करायला दिली.

आज ५४० कनेक्शनं आहेत, निम्म्यांना ब्रॉडबँडसुद्धा. गुरुजी २०२१ ला गेले. त्यांच्या सुनेने तो बिस्किटाचा डबा आमच्याकडे आणून दिला, तो दुकानातल्या कपाटात आहे. त्याच कपाटात प्रत्येक ग्राहकाच्या फॉर्मची एक झेरॉक्स आहे, दुसरी घरी. पुढच्या सिंहस्थासाठी रस्ते खोदायला लागलेत, आमची फायबर दोनदा तुटली. मोबाइल नसलेल्यांच्या रकान्यात ही अजूनही आमचाच नंबर लिहिते.