आधी निचरा, मग रूळ

बंद पडलेली नॅरोगेज लाइन पुन्हा उभी करायची म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते इंजिन. पितळी घुमट, धूर, शिटी. इंग्लंडात स्थायिक झाल्यावर मी अशा एका लाइनवर स्वयंसेवक म्हणून नाव घातलं, तेही इंजिनाच्या ओढीनंच. हातात मिळालं फावडं, आणि समोर होतं झुडपांनी बुजलेलं गटार. तिथे जे शिकले तेच पुढे बॉयलरपाशी उपयोगी पडलं. रुळांखाली पाण्याला वाट करून द्यायची आणि बॉयलरमध्ये त्याला आवरून धरायचं, या दोन गोष्टी जमल्या तर बाकीचं सगळं जमतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

आमच्याकडे दोन कामं एकाच वेळी चालू होती. बॉयलरचं प्रमाणपत्र संपल्यामुळे शेडमध्ये सुटं होऊन पडलेलं एक इंजिन पुन्हा वाफेवर आणायचं होतं, आणि रूळ जिथे संपतात तिथून जुन्या मार्गानं पुढच्या थांब्यापर्यंत लाइन वाढवायची होती. आधी काय, यावरून मंडळींमध्ये कायम दोन तट. शेडवाले म्हणत, ओढायला इंजिनच नसेल तर लाइन वाढवून करायचं काय? रूळवाले म्हणत, एवढ्याशा लाइनवर बसायला माणसं दुसऱ्यांदा कशाला येतील? मी रूळवाल्यांच्या बाजूची. इंजिन ताडपत्रीखाली थांबू शकतं. जमीन थांबत नाही, ती विकली जाते आणि तिच्यावर घर उभं राहतं.

ब्रिटनमधल्या कितीतरी छोट्या लाइनी मोटारी आणि बस आल्यावर तग धरू शकल्या नाहीत. डेव्हनमधली लिंटन–बार्नस्टेपल रेल्वे 1898 साली सुरू झाली आणि 29 सप्टेंबर 1935 ला तिची शेवटची गाडी धावली. लगोलग लिलाव झाला, रूळ उखडले, 'ल्यू' नावाचं इंजिन बोटीनं ब्राझीलला गेलं आणि जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. तिथल्या वुडी बे स्टेशनातून पुन्हा गाडी सुटायला 2004 साल उजाडलं. मूळ लाइन जवळपास 19 मैलांची, परत मिळाली ती मैलभर. लाइन विकायला काही महिने पुरतात आणि परत मिळवायला माणसांच्या दोन पिढ्या लागतात.

आमच्याही मार्गाचं असंच झालेलं. जुन्या नकाशावर सलग दिसणारी रेघ प्रत्यक्षात अनेक मालकांमध्ये वाटलेली. कोणाची त्यावर बाग, कोणाचं गवताचं कोठार. मधला एक तुकडा मिळाला नाही तर अलीकडचे पलीकडचे सगळे निरुपयोगी. एक शेतकरीणबाई जमीन द्यायला तयार होत्या, पण दूध काढायच्या वेळी त्यांच्या गाई रोज दोनदा तो पट्टा ओलांडत. त्यांच्याशी बोलणी अनेक महिने चालली. त्यांचा प्रश्न अगदी वाजवी होता: गाडी येताना माझ्या गाईंनी कुठून जायचं? भरावाखालून गुरांसाठी वाट ठेवायची असं लिहून दिल्यावर त्यांनी सही केली. तो बोगदेवजा रस्ता बांधायला खर्च आला, पण गाईंना अजून तो पाठ आहे आणि बाईही खूश आहेत.

मग कायदा. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी नवी लाइन बांधायची आणि चालवायची म्हणजे 1992 च्या ट्रान्सपोर्ट अँड वर्क्स ॲक्टखाली आदेश मिळवणं हा राजमार्ग. आमच्यासाठी खरी अडचण ठरली ती गावातल्या एका गल्लीची. पूर्वी तिथे साधं फाटक होतं. आज रेल्वे सुरक्षेचं नियामक कार्यालय नव्या फाटकाला अगदी अपवादात्मक परिस्थितीतच मान्यता देतं. म्हणजे तिथे पूल आला, पुलाबरोबर दोन्हीकडे चढ आला, आणि चढामुळे पुढच्या सगळ्या पातळ्या बदलल्या. नियम मला पटतो. फाटकावरचे अपघात किती वाईट असतात हे रेल्वेत काम केलेल्या कुणालाही विचारा.

झाडी तोडायलाही हंगाम असतो. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांच्या घरट्यांचे दिवस, तेव्हा आम्ही कोयत्याला हात लावत नाही. शिवाय एका डबक्यात ग्रेट क्रेस्टेड न्यूट निघाले. सरड्यासारखा दिसणारा हा उभयचर कायद्यानं संरक्षित आहे, त्यामुळे परवाना येईपर्यंत तिथे फावडं लावणं बंद. गाड्या थांबल्यापासून त्या पट्ट्यावर कोणाचं तरी घर झालेलं आहे, हे लक्षात ठेवूनच काम करावं लागतं.

पाण्यानं लाइन अडवल्याची मोठी गोष्ट वेल्समधल्या फेस्टिनिऑग रेल्वेची. 1946 ला बंद पडलेली ती लाइन 1955 पासून टप्प्याटप्प्यानं परत सुरू होत होती, तेवढ्यात वीज प्रकल्पाच्या जलाशयाखाली तिचा वरचा भाग गेला. लोकांनी काय करावं? 1965 ते 1978 एवढी वर्षं खपून जलाशयाच्या वरच्या अंगानं सुमारे 4 किलोमीटरची नवी वाट काढली. उंची गाठायला द्वाह्ल्टपाशी लाइन गोल फिरवून स्वतःच्याच डोक्यावरून नेली आणि पुढे डोंगरातून नवा बोगदा काढला. 1982 साली गाडी ब्लायनाई फेस्टिनिऑगला पोचली. आमच्या बैठकीत कोणी कंटाळलं की हीच गोष्ट निघते, आणि मग कंटाळलेला माणूस गप्प बसतो.

आमचे गँगर, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या टोळीचे मुकादम, सत्तरी ओलांडलेले, सगळं आयुष्य मोठ्या रेल्वेत रूळदुरुस्तीत गेलेलं. नवीन पट्टा ताब्यात आला तेव्हा सगळ्यांना जेसीबी आणायची घाई. त्यांनी मला एवढंच सांगितलं, "जोराचा पाऊस लागला की फोन कर. कोरड्या दिवशी ही जमीन खरं बोलत नाही."

तसा पाऊस लागल्यावर आम्ही दोघं लाल फीत बांधलेल्या लाकडी खुंट्या घेऊन पट्टा चालून आलो. खोदाईच्या डोंगराकडच्या उतारातून पाणी झिरपत होतं तिथे खुंटी. भरावाच्या पायथ्याशी जमीन बुटाखाली थुलथुलत होती तिथे खुंटी. एका जागी मैदानी गवत संपून दाट, गडद हिरवी लव्हाळी सुरू झाली, तिथे ते थांबले आणि पहार घेऊन जमीन ठोकत सुटले. ठक, ठक, आणि एकदम पोकळ आवाज. खाली जुनी मोरी होती. दोन दिवस आम्ही हातानंच खणलं, कारण यंत्राचा दात लागला असता तर कमान गेली असती. वरचा गाळ निघाला, मग मुळांचा जाड बोळा, आणि त्यामागे विटांची कमान. एक वीटसुद्धा निखळलेली नव्हती. बोळा ओढून काढताच वरच्या अंगाला साचलेलं पाणी आधी तपकिरी, मग राखाडी, मग स्वच्छ असं वाहू लागलं. आठवड्यानं तोच थुलथुलीत भराव पायाखाली घट्ट लागला. नव्या मातीचा एकही ट्रक न आणता.

निचऱ्याचा एवढा आग्रह कशाला, तर रुळांखाली पाणी राहिलं की चाकाच्या प्रत्येक दाबासरशी खालची चिकण माती पातळ होऊन खडीतून वर येते. खडी एकमेकींत अडकून बसायची सोडते, सांधा खचतो, आणि पुढचं चाक तो आणखी खचवतं. नॅरोगेजवर याचा फटका जास्त. ब्रॉडगेज सोडा, युरोपातल्या नेहमीच्या 1435 मिलिमीटर गेजवर एक रूळ 10 मिलिमीटर खाली गेला तर डबा थोडा कलतो. फेस्टिनिऑगच्या 597 मिलिमीटर गेजवर तेवढ्याच खचण्यानं तो जवळपास अडीचपट कलतो. आपल्या माथेरानच्या गाडीचं गेजही 610 मिलिमीटर, म्हणजे तोच हिशेब. छोटी गाडी म्हणून रूळ कसाही टाकला तरी चालतो, हा समज अगदी उलटा आहे.

प्रत्यक्ष रूळ टाकणं झपाट्यानं होतं. खाली खडीचा थर, त्यावर स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या तुळया, अंतरावर मांडायचे, रूळ चढवायचे, दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट आवळताना उन्हात रूळ वाढायला सांध्यात फट ठेवायची, वळणावर गेज किंचित सैल. मग वरून खडी आणि पॅकिंग, म्हणजे ती स्लीपरखाली ठोकून बसवणं. लोक फोटो काढतात ते याच दिवसांचे, पण तेव्हा अवघड काम संपलेलं असतं.

शेडमध्येही पाण्याचीच कहाणी. बॉयलर बाहेरून कितीही देखणा दिसो, तो खराब होतो पाण्याच्या बाजूनं. क्षार साचतात, पत्र्यात बारीक खड्डे पडतात, फायरबॉक्सच्या, म्हणजे बॉयलरमधल्या आगीच्या पेटीच्या, तळाशी गाळ बसला की तिथला पत्रा तापून झिजतो. फायरबॉक्सचा आतला आणि बाहेरचा पत्रा शेकडो स्टे, म्हणजे आडवे दांडे, धरून ठेवतात. त्यातला एखादा तुटला तर बाहेरून कळत नाही, म्हणून काहींच्या मध्यात बारीक भोक ठेवलेलं असतं. स्टे तुटला की त्या भोकातून पाण्याची धार येते. बाकीचे हातोडीनं तपासायचे. फायरबॉक्सच्या दारातून आत शिरून, गुडघे पोटाशी घेऊन मी एकेक ठोकत गेले. चांगला स्टे खणखणीत बोलतो, तुटलेला बोदा. पत्र्याची जाडी अल्ट्रासाउंडनं मोजली, पण कान आधी सांगतो आणि यंत्र नंतर आकडा देतं, असा माझा अनुभव.

आगीचा गरम धूर पाण्यातून नेणाऱ्या ट्यूबा सगळ्या काढल्या. नव्या बसवून त्यांची टोकं आतून फुगवली, तेव्हा पाण्याच्या चाचणीची वेळ आली. बॉयलर काठोकाठ भरायचा, हवेचा बुडबुडासुद्धा ठेवायचा नाही, आणि नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब पंपानं चढवायचा. पाणी दाबलं तरी आकसत नाही, म्हणून काही फाटलंच तर दाब क्षणात उतरतो आणि स्फोट होत नाही. निरीक्षक टॉर्च घेऊन एकेका जोडापाशी वाकले. दोन ट्यूबांच्या टोकांवर घाम आल्यासारखे थेंब दिसले. दाब उतरवला, ती टोकं पुन्हा आवळली, पुन्हा दाब. या वेळी कोरडं. ते काही बोलले नाहीत, कागदावर लिहिलं आणि पुढच्या जोडाकडे गेले. त्या शांतपणाचा मला फार आदर वाटतो.

पहिली आग पेटवताना घाई करायची नाही, हा शेडचा अलिखित कायदा. फायरबॉक्स तांब्याचा, बाहेरचा पत्रा पोलादी, आणि दोन्ही वेगवेगळ्या वेगानं वाढतात. म्हणून आधी लहान जाळ, मग तो विझू द्यायचा, दुसऱ्या दिवशी जरा मोठा. शेवटी सेफ्टी व्हॉल्व्हची परीक्षा. आग पूर्ण पेटलेली, वाफ बाहेर जायच्या बाकी वाटा बंद, आणि तरीही दाब ठरलेल्या मर्यादेच्या दहा टक्क्यांहून वर जाता कामा नये. व्हॉल्व्ह उघडले तेव्हा शेडच्या छपरावरची कबुतरं उडाली आणि आमच्यातला एक फिटर, जो कधी हसत नाही, तो हसला.

कोळशाची चिंता नवी आहे. वेल्सचा स्टीम कोल म्हणजे कमी धूर आणि स्वच्छ आग. पण मर्थर टिडफिलजवळची फॉस-अ-व्रान ही खुली खाण 30 नोव्हेंबर 2023 ला बंद झाली, आणि वारसा रेल्वेंना आयात कोळसा किंवा चुऱ्यापासून दाबून केलेले गोळे वापरून बघावे लागले. गोळ्यांची आग वेगळी वागते. फायरमनला जाळीवर किती थर ठेवायचा, हवा कधी द्यायची, सगळं नव्यानं बसवावं लागतं. ज्यांना वाफेची इंजिनं पुढची पन्नास वर्षं चालायला हवी आहेत, त्यांनी हा प्रश्न आजच हाती घ्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

नव्या पट्ट्यावर प्रवासी नेण्याआधी आम्ही खडीनं भरलेल्या वाघिणी कित्येक दिवस मागेपुढे फिरवल्या. वजनानं रूळ बसतात, मग जिथे खाली गेले तिथे जॅक लावून उचलायचं आणि पुन्हा पॅकिंग. लव्हाळी होती ती जागा मी रोज मोजत होते. ती हलली नाही.

पुढच्या तुकड्याची कागदपत्रं आता झाली आहेत. तिथे खोदाई लांब आहे, डोंगराकडून पाणी जास्त येतं आणि जुन्या नकाशात दोन मोऱ्या दाखवलेल्या असून जमिनीवर एकही दिसत नाही. ऑगस्ट संपला की झाडी उतरवायला घेऊ. खुंट्या रंगवून तयार आहेत, आणि गँगरनी शरद ऋतूतल्या पहिल्या मोठ्या पावसाची वेळ आमच्यासाठी राखून ठेवली आहे.