प्रार्थनेतला ‘तू’

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेच्या मराठी विभागासाठी काही लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा शाळेची शिस्त, निकाल, स्नेहसंमेलने आणि मैदान यांविषयी इतर माजी विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगले लिहितील याची मला खात्री होती. म्हणून मी एकाच गोष्टीपुरते लिहायचे ठरवले. देवाला हाक कशी मारावी, हे मला या शाळेच्या दिवसांत कळले.

माझे वडील त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातून मुरगाव बंदरात नोकरीसाठी आले. आमचे घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, प्रॉटेस्टंट आणि पूर्णपणे मराठी. वास्कोत मात्र माझे ख्रिस्ती सवंगडी कॅथलिक होते व कोकणी बोलत, तर मराठी बोलणारे सवंगडी बहुतेक हिंदू होते. त्यामुळे आपण नेमके कोणाच्या रांगेत उभे राहायचे, हा प्रश्न मला पहिलीपासूनच पडलेला होता. मराठीच्या गुरुजींनी तो एका तासात सोडवला. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने मराठी ओव्यांत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापले गेले, हे त्यांनी वर्गाला सांगितले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “तुझ्या देवाला मराठी नवी नाही.” गुरुजी स्वतः श्रावणात दामोदर सप्ताहाच्या भजनाला रात्रभर उभे राहणारे होते. त्यांचे ते वाक्य मी घरी जाऊन बाबांना सांगितले, तेव्हा बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी ते आईला पुन्हा सांगायला लावले.

बाबांशी आमचे बोलणे बेताचेच असे. ते पाळीवर जात, थकून येत, आणि आम्ही भावंडे त्यांना ‘तुम्ही’ म्हणत असू. आईला ‘तू’. आमच्या पिढीतल्या किती तरी मराठी घरांत हीच रीत होती आणि तिच्यात प्रेमाची उणीव नव्हती, हे मला आज कळते. परंतु मुलाच्या मनात त्या दोन शब्दांमध्ये एक उंबरठा असे. अलीकडे आई होती, आणि पलीकडे जाताना आधी हातपाय धुवावे लागत.

रोज रात्री जेवणाआधी आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणत असू. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो.’ पाचवीत असताना एके दिवशी माझ्या अचानक लक्षात आले की मी घरातल्या पित्याला ‘तुम्ही’ म्हणतो आणि स्वर्गातल्या पित्याला ‘तू’. हा उद्धटपणा तर नाही ना, या शंकेने मला खरोखर भीती वाटू लागली, आणि तीन-चार रात्री मी ओठ हलवत राहिलो पण ‘तुझे’ हा शब्द गिळून टाकला.

शाळेत कॅथलिक मुलांना दोतोर्नीचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा, तास असे आणि इतरांना मॉरल सायन्सचा. मी दोहोंच्या मधला असल्याने सिस्टरांनी मला, बाबांची परवानगी घेऊन, दोतोर्नीला बसवून घेतले होते. मी तास संपल्यावर थांबून त्यांना माझी शंका विचारली. त्या हसल्या नाहीत. आपल्या आजीची आठवण त्यांनी सांगितली: आजी हीच प्रार्थना पोर्तुगीजमध्ये म्हणे, आणि तिथे ‘तुझे नाव’ नसून आदराचे ‘आपले नाव’ आहे; पण स्वयंपाकघरात, चुलीपाशी बसल्यावर, तीच आजी कोकणीत ‘तुजें नांव’ म्हणे. “मलाही तुझ्याएवढी असताना हाच प्रश्न पडला होता,” सिस्टर म्हणाल्या. मग उत्तर देण्याऐवजी त्यांनी मला उलट विचारले, “तुका भंय दिसता तेन्ना तूं कोणाक उलो मारता?” भीती वाटते तेव्हा तू कोणाला हाक मारतोस? मी म्हणालो, आईला. “ती हाक आठव,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या वर्गावर गेल्या. त्या वयात मला हे उत्तर अपुरे वाटले.

तो १९७६ चा पावसाळा होता. जुलैमध्ये एके दिवशी मला वर्गातच ताप भरला. दुपारपासून कोसळणाऱ्या पावसामुळे बसगाड्या बंद पडल्या होत्या, आई धाकट्या बहिणीला सोडून येऊ शकत नव्हती, आणि सिस्टरांनी बंदरावर निरोप पाठवल्यावर संध्याकाळी बाबा आले ते नखशिखांत भिजलेले. त्यांनी मला आपल्या रेनकोटात गुंडाळले आणि पाठीवर घेतले. घराच्या वाटेवरचा सड्याचा चढ ज्यांना ठाऊक आहे त्यांना दहा वर्षांचे मूल पाठीवर घेऊन भर पावसात तो चढणे म्हणजे काय ते सांगायला नको. मला त्या वाटेतले फार थोडे आठवते: त्यांच्या मानेचा ओला वास, बुटांत भरलेल्या पाण्याचा आवाज, आणि मध्येच एका वळणावर श्वास घ्यायला त्यांनी मला कठड्यावर टेकवले तो क्षण. ते मला सोडून चालले असे तापाच्या भरात मला वाटले आणि मी ओरडलो, “बाबा, तू जाऊ नकोस!”

तोंडून शब्द गेला आणि त्या अवस्थेतही मला तो ऐकू आला. बाबांनी मला सुधारले नाही. त्यांनी मला पुन्हा पाठीवर घेतले आणि म्हणाले, “मी आहे. तू झोप.” मी झोपलो, आणि जागा झालो तो घरी, पांघरुणात.

बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एका, मार्काच्या शुभवर्तमानात, लोक आपली बालके येशूकडे आणतात आणि शिष्य त्यांना दटावतात, तो प्रसंग आहे. तो मत्तय आणि लूकनेही सांगितला आहे. पण येशूने त्या मुलांना उचलून कवेत घेतले, हे फक्त मार्क सांगतो. त्या मुलांनी काही मागितल्याचे, काही कबूल केल्याचे किंवा त्यांना काही समजल्याचे तिथे लिहिलेले नाही. ती उचलली गेली, एवढेच. ‘तुम्ही बालकांसारखे झाल्याशिवाय’ या येशूच्या शब्दांवर मी पुढे पुष्कळ प्रवचने ऐकली आणि त्यांपैकी बऱ्याच प्रवचनांत बालकाचे निरागसपण, निष्पापपण, आज्ञाधारकपण यांची स्तुती होती. ज्याने मुले वाढवली आहेत त्याला हे पटणे कठीण आहे. मुले हट्टी असतात, भांडतात, खोटेही बोलतात. ‘बालबुद्धीचे होऊ नका’ असे तर पौलानेच करिंथकरांना बजावले आहे. माझ्या समजुतीप्रमाणे बालकाजवळ एकच गोष्ट असते जी मोठ्यांजवळ उरत नाही, आणि ती म्हणजे आपल्याला कोणीतरी उचलून नेणार आहे हे त्याने गृहीत धरलेले असते.

शाळेच्या जिन्याच्या वळणावर गुलाबपुष्पे हातात घेतलेल्या संत तेरेझाचे चित्र होते, ते माझ्या पिढीतल्या सर्वांना आठवत असेल. फ्रान्समधील लिझ्यू येथील ही कार्मेलाइट भगिनी १८९७ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. प्रार्थनेच्या वेळी तिला झोप लागे, आणि त्याची तिला खंत वाटत नसे, कारण आईबापांना लेकरू जागे असताना जेवढे आवडते तेवढेच झोपलेलेही आवडते, असे ती मानी. हे सिस्टरांनी आम्हांला सातवीत सांगितले, तेव्हा मला सड्याचा चढ आठवला. तिच्या अखेरच्या सुमारे दीड वर्षात तिच्या श्रद्धेवर दाट अंधार पसरला होता, हेही सिस्टरांनी लपवले नाही. त्यांचे हे फार मोठे ऋण माझ्यावर आहे, कारण गोड गोष्टींवर पोसलेली श्रद्धा मला पुढे पुरली नसती.

पुढे म्हणजे नोकरी, संसार, आमच्या चर्चच्या मंडळीच्या कार्यकारिणीतली वर्षे. त्या काळात माझी प्रार्थना अर्जासारखी झाली होती: विषय, संदर्भ, विनंती. ‘तू’ हा शब्द तोंडात होता, पण त्यामागचा मुलगा कुठे तरी मागे राहिला होता. २०११ मध्ये बाबा आजारी पडले आणि डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. मी चार महिने बरे होण्याची प्रार्थना केली, मनापासून केली, आणि ते बरे झाले नाहीत.

त्या रात्रींमध्ये एकदा, येशूने अटकेआधी जिथे प्रार्थना केली त्या गेथशेमाने बागेतला उतारा वाचताना मी थांबलो. ‘अब्बा’ हा अरामी शब्द, येशूच्या घरच्या भाषेत मुलाने बापाला मारलेली हाक, चारही शुभवर्तमानांत मिळून एकदाच येतो, आणि तो तिथे येतो. ज्या रात्री त्याने प्याला दूर करण्याची विनवणी केली आणि प्याला दूर झाला नाही, त्या रात्री. इतकी वर्षे मी बालकासारखा विश्वास म्हणजे सुखाच्या उन्हातली गोष्ट समजत होतो. पावसात, तापात आणि कठड्यावर टेकवले गेल्यावर निघणारी हाक हीच ती, हे मला पाचवीत मिळाले होते आणि मी ते विसरलो होतो. स्तोत्रसंहितेतल्या एकशे एकतिसाव्या स्तोत्रात दूध तुटलेले बालक आईजवळ असावे तसा आपला जीव शांत केल्याचे म्हटले आहे. दूध तुटलेले बालक दुधासाठी आईजवळ बसत नाही. त्यानंतर माझ्या प्रार्थनेत मागणे कमी झाले आणि बसणे वाढले. देव मला त्या दिवसांत काही बोलला असे मी म्हणणार नाही. पण मला कोणी हाकलत नाही, माझ्याकडून काही वसूल करत नाही, माझ्या रडण्याला घाई करत नाही, अशा एका सोबतीत मी रात्रीमागून रात्र बसलो, आणि तिला मी दुसरे नाव देऊ शकत नाही.

शेवटच्या दिवसांत बाबा मला क्वचितच ओळखत. एका रात्री ते घाबरून उठू पाहू लागले आणि माझा हात घट्ट धरून पुन्हा पुन्हा म्हणू लागले, “जाऊ नका, जाऊ नका.” ते मला ‘तुम्ही’ म्हणत होते, आपले वडील समजत होते की आणखी कोणाला, हे कळायला मार्ग नव्हता. पस्तीस वर्षांत मी त्यांना पुन्हा कधी ‘तू’ म्हटले नव्हते. त्या रात्री म्हटले. “बाबा, मी आहे. तू झोप.”

पुढच्या नाताळात मी सिस्टरांना भेटायला गेलो. त्या निवृत्त होऊन कॉन्व्हेंटात राहत होत्या, दृष्टी अधू झाली होती, पण आवाजावरून त्यांनी मला ओळखले. मी त्यांना सगळे सांगितले, पाचवीतल्या प्रश्नापासून इस्पितळातल्या रात्रीपर्यंत. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. मी थांबल्यावर विचारले, “आनी बापायन कितें म्हळें?”

मी म्हणालो, “काही नाही, सिस्टर. ते झोपले.”