नुसती चरबी

मंगळवार, रात्री

ताईचा फोन आला. "नुसती चरबीच निघाली ना? मग झालं तर." एवढं म्हणून ती गौरींच्या साड्यांकडे वळली. तेव्हापासून ते 'नुसती' घशात अडकलंय.

चूक काय बोलली ती? रिपोर्टात लायपोमाच आहे. चरबीची गाठ, तिचा कॅन्सर होत नाही. मोठ्या आतड्यात क्वचितच होते, आणि 2 सेंटिमीटरच्या आत असली तर सहसा कळतसुद्धा नाही. माझी साडेतीन होती, उजव्या बाजूला. बाबांचंही उजव्याच बाजूला... ते आता नको.

पण नुसती कशी? पहिल्या दुर्बिणीत गाठीचा माथा सोलवटून रक्ताळलेला दिसला, म्हणून शंका वाईटच घेतली. वरचा तुकडा तपासला, त्यात काहीच कळलं नाही. गाठ अस्तराच्या खाली, तुकडा अस्तराचा. सीटी स्कॅनमध्ये चरबी दिसेपर्यंत 11 दिवस गेले. त्या 11 दिवसांत मी चिनूच्या बारावीपर्यंतच्या फीचा हिशेब केला. लॉकरची किल्ली कुठे असते ते ह्यांच्यासाठी लिहून ठेवलं, मग फाडलं. ते दिवस कुठल्या रिपोर्टात आहेत? गाठ गेली, त्यांचं काय करू?

संध्याकाळी खूप रडले. मग काढतानाचे फोटो पुन्हा पाहिले. पिवळसर, देठावर लोंबणारी. चिमट्याने दाबली की उशीसारखा खळगा पडायचा आणि पुन्हा भरून यायचा. अशी गाठ कापतात विजेवर, पण चरबीतून वीज नीट जात नाही, करंट जास्त द्यावा लागतो, त्यात आतड्याला भोक पडू शकतं. म्हणून डॉक्टरांनी आधी देठाला नायलॉनचा फास आवळला आणि त्याच्या वरून तारेच्या फासाने कापली. किती जपून केलंय सगळं. पोटावर एक टाका नाही. त्यांनी तरी तिला 'नुसती' मानलं नाही.

आणि आत्ता लिहिताना आठवतंय, त्या 11 दिवसांत ताई रोज सकाळी सातला फोन करायची. तब्येतीचं एकदाही विचारलं नाही. रोज साड्याच. बाबांच्या वेळी दवाखान्यात रात्री तीच थांबायची.

आजही 'नुसती' म्हणण्याआधी ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, रेंज गेली.

उद्या मीच सातला फोन लावते. धाकटीला हिरवी साडी हवी, हे सांगायचं राहिलंय.