राजकोटी साडेचार फुटी लेथ: तपासणीपासून लेव्हलपर्यंत

हा लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कातायचं मशीन, हलकं आहे: कोन पुली (पायऱ्यांची पुली), सपाट पट्टा, बॅक गिअर (वेग कमी करणारे गिअर), लीड स्क्रूला (आटे पाडताना हत्यार ओढणाऱ्या स्क्रूला) इंचाला ४ आटे. छोटं वर्कशॉप बंद होतंय म्हणून मालक स्वतः विकतोय. अशा सौद्याचा मोठा फायदा म्हणजे मशीन जागेवर चालू बघता येतं. चालवून दाखवत नसतील, तर बोलणी भंगाराच्या भावापासूनच सुरू करावीत.

सगळ्यात आधी बेड, म्हणजे मशीनचा लांब पाया. बहुतेक जॉब (कातायचे तुकडे) आखूड असतात, त्यामुळे झीज चकाजवळ (जॉब पकडतो त्या भागाजवळ) साचते. सॅडल (बेडवर सरकणारा, हत्यार धरणारा भाग) चकापाशी आणून खालच्या पट्ट्या किंचित जड होईपर्यंत आवळल्या आणि ते टेलस्टॉककडे (दुसऱ्या टोकाच्या आधाराकडे) ढकललं. शेवटच्या फूटभरात ते अडकलं, म्हणजे चकाकडचा भाग खाल्लेला आहे. सरळपट्टीखाली ०.०८ मिमीची फिलर पाती गेली. एवढ्यावर मशीन नाकारायचं कारण नाही. हत्यार सेंटरपासून ०.०८ खाली गेलं तरी ३० मिमी व्यासात मायक्रॉनभरही फरक पडत नाही. घात करते ती व्ही-मार्गाची (सॅडल ज्यावर सरकतं त्या व्ही आकाराच्या कडेची) आडवी झीज, कारण ती व्यासात दुप्पट होऊन उतरते. म्हणून सरळपट्टीवर न थांबता कट घेऊनच बघायचं.

स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) गनमेटल बुशमध्ये, म्हणजे धातूच्या नळीसारख्या बेअरिंगमध्ये फिरतं. चकाखाली लाकडी दांडा घालून उचललं तेव्हा डायल गेजची सुई ०.०६ मिमी हलली. बुशच्या टोपीखालच्या पितळी शिम (पातळ पट्ट्या) दोन्ही बाजूंनी सारख्याच काढत खेळ ०.०२ वर आणला, तेल सोडलं आणि अर्धा तास सगळ्यात जास्त स्पीडवर चालवलं. टोपीवर हात टेकवता येत नसेल इतकी ती तापली, तर एक शिम परत घालायची. बुश अंडाकृती झाला असेल तर शिमने भागत नाही: एका जागी सैल, दुसऱ्या जागी घट्ट लागतं. तसं मशीन सोडून द्यावं.

क्रॉस स्लाइडचं (हत्यार जॉबकडे आत-बाहेर नेणाऱ्या भागाचं) हँडल पाव फेरा मोकळं फिरतं. हे दिसायला वाईट, पण किरकोळ आहे, गनमेटलचा नट नवा करता येतो. खेळ मधेच जास्त आणि टोकांना कमी लागला, तर मात्र स्क्रूही गेलेला समजायचा.

चेंज गिअर (आट्यांचा पिच बदलायचे सुटे गिअर) विक्रेत्यासमोर मोजून घेतले. १२७ दात्यांचा गिअर नसेल तर इंची मापाच्या या लीड स्क्रूवर अचूक मेट्रिक आटे निघत नाहीत. २० चालक, १२७ चालित, मधे कोणताही आयडलर (नुसता जोडणारा गिअर), की १ मिमी पिच. ३० लावला की दीड. बॅक गिअर टाकल्यावर प्रत्येक फेऱ्याला एकच ठोका ऐकू आला तर दाता तुटलेला असतो. इथे आवाज सलग आहे.

मोटर ४१५ व्होल्ट, वाइंडिंग स्टार जोडणीत, सहा वायरी बाहेर. म्हणून डेल्टात जोडून घरच्या सिंगल फेजवर व्हीएफडीने (सिंगल फेजचे तीन फेज करून वेग बदलणाऱ्या ड्राइव्हने) चालते. तीनच वायरी असत्या तर वाइंडिंगमधला स्टार पॉइंट उकलावा लागला असता. व्हीएफडीमध्ये उलटी दिशा बंद ठेवली आहे आणि थांबायचा वेळ लांब दिलाय. चक आट्यांवर बसतो, झटक्याने थांबवला किंवा उलटा फिरवला तर तो सुटून अंगावर येऊ शकतो.

उचलताना सॅडल टेलस्टॉककडे नेऊन लॉक केलं, कारण वजन हेडस्टॉककडे (स्पिंडल असलेल्या टोकाकडे) असतं. स्लिंग बेडला बांधायची, लीड स्क्रूवर तिचा भार अजिबात येऊ द्यायचा नाही.

सध्या लेव्हल, म्हणजे बेडचा पीळ काढणं, चालू आहे. ३० मिमीचा गज चकाबाहेर १५० मिमी, टेलस्टॉकचा आधार नाही, त्यावर १०० मिमी अंतराने दोन कॉलर (उंच ठेवलेले पट्टे), हलका कट. बाहेरची कॉलर ०.०५ मोठी आली, म्हणून टेलस्टॉककडच्या पुढच्या पायाखाली शिम घातली. आता फरक ०.०२ आहे. ०.०१ च्या आत आला की टेलस्टॉकचं सेंटर जुळवायचं, त्याआधी नाही. बेडला पीळ असताना टेलस्टॉक लावला, तर पीळ काढल्यावर ते काम पुन्हा करावं लागतं.