पंचवीस लिटरची गाय चौदावर का येते?

तुम्ही विचारलंत म्हणून. ‘डॉक्टर, कर्नाटकातल्या कोलारकडून एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय आणली. तिकडं पंचवीस लिटर देत होती, आमच्याकडं चौदावर आली. जात खोटी निघाली का? आणि आता कुठल्या वळूची कांडी भरू?’ उन्हाळा लागला की हा प्रश्न हमखास येतो. (कांडी म्हणजे कृत्रिम रेतनासाठी वळूचं गोठवलेलं वीर्य भरलेली नळी.)

जात बहुधा खोटी नसते. (व्यापारी असू शकतो. बाजाराच्या आदल्या दिवशी दूध तुंबवून कास फुगवतात, हे ठाऊक असूनही लोक कास बघूनच सौदा करतात.) एकाच गोठ्यातल्या, एकाच वेताच्या दोन गाईंच्या दुधात जो फरक पडतो, त्यातला साधारण पाव ते तिसरा हिस्सा रक्ताचा, म्हणजे आईबापाकडून आलेला. बाकी चारा, पाणी, हवा, आजारपण आणि पिळणारा हात. फॅटमध्ये रक्ताचा वाटा जास्त, निम्म्याच्या आसपास. म्हणून एचएफला कितीही सरकी पेंड घाला, जर्सीचं फॅट लागत नाही. आणि ओढकामाच्या देशी खिलारीला मुरघासाच्या (साठवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) ढिगावर बांधली तरी ती वीस लिटर देणार नाही.

एचएफ मूळची हॉलंडकडची. पंचवीस अंशांच्या पुढं पारा गेला की तिला जड जायला लागतं. आमच्या राहुरी-नेवाशाच्या पट्ट्यात एप्रिलमध्ये चाळीस असतं, वर पत्रा. चारा पचवताना गाईच्या पोटात उष्णता तयार होते. ती बाहेर टाकता येईना झाली की गाय खाणंच कमी करते आणि दूध उतरतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय तयार केली तेव्हा निम्मं एचएफ, पाव जर्सी आणि पाव रक्त देशी गीरचं ठेवलं, ते उगीच नाही.

असल्या गोठ्यात दुपारी दोनला जाऊन बघा. गाय तोंड उघडून धापा टाकतेय, कडबा तसाच. पाणी छतावरच्या काळ्या टाकीतून काळ्या पाइपनं येतं. गाय हौदात नाकपुडी बुडवते आणि मान वर घेते. वीस लिटरच्या गाईला उन्हाळ्यात शंभर लिटरपर्यंत पाणी लागतं, आणि इथं मिळतं ते चहासारखं गरम! मालक मात्र माझ्याशी कांडीच्या नंबराबद्दल बोलत असतो. हौदावर सावली करा, वैरणीचा मोठा वाटा रात्री आणि पहाटे टाका. फरक थोड्याच दिवसांत कळतो. आज भरलेल्या कांडीचं दूध दिसायला तीन वर्षं जातात, तेही कालवड झाली तर.

आटवलेल्या गाईला तर कोणी सावलीत बांधत नाही, कारण ती दूध देत नाही. पण व्यायच्या आधीच्या शेवटच्या दोन महिन्यांत उन्हानं भाजलेली गाय पुढच्या वेतात कमी देते. फ्लोरिडा विद्यापीठातल्या अभ्यासात असंही दिसलं, की त्या काळात पोटात असलेली कालवड मोठी होऊन व्याली की तिचंही दूध कमी पडतं. रक्त तेच, वळू तोच.

आता कांडीचं. पोस्टरवर वळूच्या आईचं दूध मोठ्या अक्षरात छापतात. ती कुठल्या गोठ्यात, काय खाऊन तेवढं देत होती, ते त्यात कळत नाही. वळूच्या मुलींचे आकडे मागा, वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या मालकांकडच्या. ते नसतील तर त्या कांडीला जास्तीचे पैसे देऊ नका.