जुनी ३२८ एक्सआय: लिफ्टवर चढवल्यावर

मिशिगनच्या हिवाळ्यासाठी जुनी ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद मिळणारी) सेडान शोधतोय, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. ऑडी ए-४ क्वाट्रो आणि इन्फिनिटी जी-३५ एक्स यादीतून गळल्या. आता गाडं ई-९० पिढीच्या बीएमडब्ल्यूवर येऊन थांबलंय. समोर आहे ती २००८ची ३२८ एक्सआय, ऑटोमॅटिक, सव्वा लाखाच्या वर मैल झालेली, मागणी साडेपाच हजार डॉलर. मालक निवृत्त गृहस्थ, पावत्यांची फाईल चांगली जाडजूड. घरी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "टोयोटा घे आणि सुखाने जग." सल्ला बरोबरच आहे, पण आपल्याला सुख कुठे हवंय!

या गाडीचा जीव मला विचाराल तर एन-५२ इंजिनात आहे. ३ लिटर, एका रांगेत ६ सिलिंडर, २३० हॉर्सपॉवर. टर्बो नाही आणि अमेरिकेतल्या गाड्यांत डायरेक्ट इंजेक्शनही नाही. म्हणजे याच पिढीतल्या टर्बोवाल्या ३३५च्या मालकांना छळणारी हाय-प्रेशर पंपाची कटकट नाही, इनटेक व्हॉल्व्हवर काजळी धरत नाही. इलेक्ट्रिक वॉटर पंप मात्र बऱ्याचदा काही न सांगता जातो आणि इंजिन तापवतो. फाईलमध्ये पंप आणि थर्मोस्टॅट दोन्ही बदलल्याची पावती निघाली, तेव्हा एक मोठा खर्च वाचला.

ओडोमीटर मी शेवटी बघतो. अशा गाडीत आधी टायर बघायचे. इथे पुढचे दोन एका कंपनीचे, जवळजवळ नवे. मागचे दोन दुसऱ्या कंपनीचे, गोटा व्हायच्या वाटेवर. गेज लावला तर पुढे नक्षीची खोली ८, मागे ४. हे माप इथे इंचाच्या बत्तिसाव्या भागात मोजतात. फरक दिसायला चिमूटभर, पण २२५/४५ आर १७ मापाच्या टायरचा व्यास साधारण ६३४ मिलिमीटर, आणि हा फरक व्यासात सव्वासहा मिलिमीटरचा, म्हणजे १ टक्का. मैलभर सरळ रस्त्यावर पुढच्या टायरशी बरोबरी करायला मागच्याला जवळपास ८ फेरे जास्त घ्यावे लागतात.

आता हा फरक जातो कुठे? एक्सड्राइव्हमध्ये, म्हणजे बीएमडब्ल्यूच्या ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये, मधोमध नेहमीचं डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसतं. ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत, म्हणजे ट्रान्सफर केसमध्ये, बऱ्याच चकत्यांचा क्लच असतो आणि एक छोटी मोटर तो आवळते, सैल करते. एरवी ताकद पुढे ४० आणि मागे ६० टक्के अशी वाटली जाते. टायर असे विजोड असले की त्या चकत्या कोरड्या रस्त्यावरही घासत राहतात. बीएमडब्ल्यूच्याच जुन्या ऑल-व्हील ड्राइव्ह ३२५ आयएक्समध्ये व्हिस्कस कपलिंग (घट्ट द्रवाच्या जोरावर चालणारी जोडणी) होतं आणि ताकदीची वाटणी ३७-६३ अशी ठरलेली. नव्या व्यवस्थेत हुशारी जास्त, नखरेही जास्त. त्या मोटरमधलं प्लॅस्टिकचं दातेरी चाक झिजलं की डॅशबोर्डवर फोर-बाय-फोर, ब्रेक आणि ट्रॅक्शनचे दिवे एकदम पेटतात.

दिवे लागलेले नव्हते. मोकळ्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून अगदी हळू आठाचे आकडे काढले. डावीकडे काही नाही. उजवीकडे वळताना, गाडी गरम झाल्यावर, किंचित अडखळल्यासारखं वाटलं. ट्रान्सफर केसचं तेल बदलल्याची पावती फाईलमध्ये नाही. हे तेल 'आयुष्यभराचं' असं सांगितलं जायचं, पण कोणाच्या आयुष्याचं ते कुणी विचारत नाही. एक लिटरभर तेलाचं काम आहे, माझा पहिला संशय तिथेच.

मग लिफ्ट. गंज अपेक्षेपेक्षा कमी. डेट्रॉइटच्या पोटात मिठाची खाण आहे आणि इथले रस्ते हिवाळाभर मिठाने पांढरे असतात, त्यामुळे ब्रेकच्या नळ्या मी टॉर्च घेऊन टोकापासून टोकापर्यंत बघितल्या. वरवर तांबूस झाल्यात, पापुद्रे सुटलेले नाहीत. ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट पाझरतंय. ते घरी होण्यासारखं काम. लांबवू मात्र नये, कारण तेल बेल्टवर ठिबकतं, आणि बेल्ट सुटून क्रँकच्या सीलमध्ये ओढला गेला की इंजिनावर बेततं.

खरी मेख ऑइल पॅनची, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याची. त्याचं गॅस्केट मागच्या बाजूने ओलं आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या ३२८मध्येही हे काम सोपं नाही, पण एक्सआयमध्ये पुढचं डिफरेन्शियल थेट पॅनलाच बोल्ट केलेलं असतं आणि एका बाजूचा अ‍ॅक्सल चक्क पॅनच्या आरपार जातो. म्हणजे इंजिन वरून टांगायचं, सबफ्रेम (इंजिनाखालची आधाराची चौकट) खाली घ्यायची, डिफरेन्शियल सोडवायचं, तेव्हा कुठे पॅन हातात येणार. त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट एकदा काढले की परत वापरायचे नाहीत. गॅस्केट स्वस्त, मजुरीने घाम फुटतो. मीच करणार असेन तरच या गाडीला अर्थ आहे.

गाडीच्या क्रमांकावरून रिकॉलही (दोष निघाल्यावर कंपनीने फुकट दुरुस्तीसाठी परत बोलावणं) तपासले. टाकाटा कंपनीची सदोष एअरबॅग बदललेली आहे. क्रँककेस व्हॉल्व्हच्या हीटरमुळे आग लागू शकते म्हणून २०१७ मध्ये निघालेला रिकॉल अजून बाकी दिसतो. ते काम फुकटात होतं, पण होईपर्यंत ही गाडी घराला चिकटलेल्या गॅरेजमध्ये लावायची नाही.

चार सारखे टायर, ट्रान्सफर केसचं तेल आणि पॅनचं काम धरून मी ३,८०० सांगितलेत. काकांनी चेहरा पाडला, पण नाही म्हणाले नाहीत. शनिवारी सकाळी गाडी रात्रभर थंड झालेली असताना सुरू करून बघायची, असं ठरलंय. तोवर कुणी एक्सआयची सबफ्रेम घरच्या गॅरेजमध्ये, लिफ्टशिवाय उतरवली असेल तर सांगा: इंजिन टांगायचा बार फेंडरच्या कडांवर नीट बसतो का, की पुढच्या स्ट्रट टॉवरवर टेकवावा लागतो?